सुकाम्तोचा दगडी चेहरा

जावा बेटावरच्या, क्लातेनजवळच्या त्या गावात तीस वर्षं सुकाम्तोच्या हसण्याशिवाय एकही लग्न पार पडलं नव्हतं. एरवी मागावर पट्ट्यापट्ट्यांचं लुरिक कापड विणायचं आणि लग्न असेल तिथे मांडवाच्या तोंडाशी उभं राहून पाहुण्यांना हसून आत घ्यायचं, एवढंच त्याचं आयुष्य. मग त्याला पार्किन्सन झाला. हात कापू लागला, चेहरा थिजला, आणि तीच माणसं म्हणू लागली, "शेफारलाय मेला! ओळखसुद्धा दाखवत नाही." तीस वर्षं त्याचं हसू फुकटात घेतलेल्यांना एवढं बोलायला काय लागतं?

परक्यांचं सोडा, त्याची बायको मुर्जिया त्यांच्याहून वरचढ. दोन वर्षांपूर्वी तिची आई गेली, तेव्हा हा मय्यतीशेजारी कोरड्या डोळ्यांनी बसून राहिला. त्या दिवसापासून त्याच्याकडे बघताना ती नाक मुरडायची. जोगजा शहरातल्या डॉक्टरांनी तिला समोर बसवून सांगितलं होतं, "हा आजार नुसता हातात नसतो, बू. मेंदूत जिथे सुखदुःख उमटतं, तिथेही तो पोचतो. कधी आतलं चेहऱ्यावर येत नाही, कधी वाटणंच बोथट होतं. समोरचा रागावलाय की रडतोय, तेही पटकन कळत नाही. त्यांचा चेहरा बघून काही ठरवू नका. त्यांना विचारा." बाईंनी मान डोलावली आणि गोळ्यांच्या वेळा तेवढ्या लिहून घेतल्या.

"त्या दगडाला काय विचारायचं?" ती शेजारणींना सांगायची. "मी समोर रडत असले, तरी म्हणतो, भात झाला का?"

लेकीचं, विनार्तीचं लग्न ठरलं तसा सुकाम्तोचा थोरला भाऊ वार्सिदी पुढे सरसावला. हा सरकारी कचेरीतून निवृत्त झालेला. केस काळे करून फोटोत मधोमध उभं राहणं हेच त्याचं उरलेलं काम. लग्नात नवरानवरीला नवरीच्या वडिलांच्या मांडीवर बसवायची तिथली रीत त्याला खुपत होती.

"मांडीवर मी घेतो दोघांना," तो मुर्जियाला म्हणाला. "त्याचे गुडघे लटपटतात, तोंड मढ्यासारखं. व्हिडिओत काय दिसेल?"

"खरंय, मास," मुर्जिया दिराला म्हणाली. तिला तर सुटल्यासारखंच वाटलं.

"बापाकच्या मांडीवर बसेन, नाहीतर उभी राहीन," विनार्तीने दोघांना सुनावलं. तिच्यापुढे कुणाचं चाललं नाही.

लग्नाच्या दिवशी एका गुडघ्यावर लेक, दुसऱ्यावर जावई. खाली सुकाम्तोचे पाय थरथरत होते. वार्सिदी मागे दबा धरून उभा. रीतीप्रमाणे मुर्जियाने नवऱ्याला विचारलं, "कोण जड, पाक?"

उत्तर ठरलेलं असतं: दोघंही सारखीच. म्हणजे जावई लेकीइतकाच आपला. शेंबडं पोरही हे सांगेल. सुकाम्तो मात्र गप्प. मांडवात खसखस पिकली.

"सारखीच!" मागून वार्सिदी ओरडला.

"तुम्हाला नाही विचारलं, पाकदे," विनार्ती काकावर फिसकारली.

सुकाम्तोचे ओठ हलले. आवाज इतका खोल गेला होता, की मुर्जियाला वाकावं लागलं.

"विनार्ती हलकी झालीय," तो म्हणाला. "आठवडाभर जेवत नाही पोर. सकाळी मला उठवताना हातात जोर नसतो तिच्या. रडते का, बघ गं. मला आता चेहरे कळत नाहीत."

तो हे बोलत होता, तेव्हाही चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही.

"रीत मोडली! अपशकुन केला!" वार्सिदीने कपाळावर हात मारला. मांडवभर शहाण्यांनी माना हलवल्या. मुर्जियाने लेकीकडे पाहिलं. आठ दिवस मुर्जिया पाचशे पाहुण्यांच्या जेवणाची काळजी वाहत होती, आणि घरातल्या एका ताटात काय उरतं हे तिने बघितलं नव्हतं. विनार्तीचं काजळ गालावर ओघळलं होतं.

"उद्यापासून बापाकना कोण उठवणार, इबू?" तिने आईला विचारलं.

"कोण जड?" हा दोन वर्षांत मुर्जियाने नवऱ्याला विचारलेला पहिला प्रश्न होता, आणि तोही रीत होती म्हणून.