तिथीची पाऊणपट

भोपाळमध्ये बसून समुद्राची भरती सांगू शकणारा आमच्या टाउनशिपमध्ये एकच माणूस होता. तो माझा बाप.

कारखान्यात बाबा फोरमन होते, पण मराठी मंडळात ते ‘समुद्राचे अभ्यासक’. दर दिवाळीला त्यांचं भाषण असे. चंद्र पाणी ओढतो. तो रोज पाऊण तासाने मागे पडतो, म्हणून भरतीही तेवढीच उशिरा येते. तेव्हा तिथीची पाऊणपट करा, बारानंतर तितक्या तासांनी भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्यापुढे सहा तासांनी ओहोटी. मग शाहपुऱ्याच्या तलावापलीकडे पाणी न पाहिलेले अध्यक्ष सागराच्या विशालतेवर अर्धा तास बोलत आणि जवाहर चौकातून आणलेली शाल बाबांच्या खांद्यावर पडे. अशा सात शाली साठल्या. दिवाळीत कोकणात, खाडीपलीकडे होडीने आजीकडे जाणं तेवढं राहत गेलं.

मी कॉलेजात होते तेव्हा एका दुपारी कोकणातून बाबांना तार आली : आई गंभीर, ताबडतोब ये. शेजारचे काका स्कूटर सुरू करूनच दारात आले. “भाईसाहब, शाम की गाड़ी मिल जाएगी, बैठिए.”

बाबांनी पंचांग काढलं होतं.

“उद्या अमावास्या. भरती सव्वाअकराला, ओहोटी सव्वापाचला. या गाडीने खाडीवर पोचणार उद्या संध्याकाळी सहाला. होडी चिखलात.”

“अहो, आधी निघा तरी,” आई म्हणाली. “तिथलं तिथे बघता येईल.”

“तुला खाडी ठाऊक नाही. उद्या सकाळच्या गाडीने निघालो की परवा दहाला, चढत्या पाण्यात सरळ पलीकडे.”

काकांनी स्कूटर बंद केली.

मी बाबांबरोबर गेले. तिसऱ्या दिवशी दहाला आमची एसटी खाडीपाशी थांबलीच नाही. पुलावरून पलीकडे गेली. बाबा खिडकीतून खाली बघत होते. पाणी खरंच चढत होतं.

अंगणात बाबांचा धाकटा भाऊ बसला होता. आजीला नेऊन, आंघोळ करून.

“काल रात्री आठपर्यंत होती रे दादा. सहाच्या एसटीचा हॉर्न ऐकून म्हणाली, आला का बघ.”

“ओहोटी होती,” बाबा म्हणाले.

“कसली ओहोटी? पूल होऊन तीन वर्षं झाली. पत्रात लिहिलं होतं की तुला!”

लिहिलं होतं. परत आल्यावर ते पत्र मला भाषणांच्या फायलीत सापडलं. बाबांनी ते पाठकोरं म्हणून वापरलं होतं. मागच्या बाजूला त्यांच्या सुबक अक्षरात भरती-ओहोटीचं कोष्टक होतं, पंधराही तिथींचं. त्यात एकही चूक नव्हती.