दोन वचनांची उपासना

नोएलचा फोन आला तेव्हा मी भद्रावतीला आमच्या क्वार्टरच्या मागच्या दारी तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. नोएल माझा भाचा, मनूदादाचा मुलगा. "आत्या, बाबा गेले," एवढंच म्हणाला, आणि त्याच्या मागून टीव्ही ऐकू येत होता. कसल्याशा साबणाची जाहिरात, बायका गात होत्या. मला लगेच रडू नाही फुटलं. "आधी ते डबडं बंद कर," असं मी त्याला म्हटलं. पोराला काय वाटलं असेल कोण जाणे. माझं तोंड फटकळ आहे, सगळ्या गोतावळ्याला माहीत आहे. पण दादाविषयी लिहायचं तर टीव्हीच्या त्या आवाजाला वगळून लिहिता येणार नाही.

इम्मानुएल त्याचं नाव, पण त्याला मनूच म्हणायचे सगळे. कुरखेड्याजवळच्या आमच्या गावात ख्रिस्ती घरं बोटांवर मोजण्याइतकी. चर्चची इमारत नव्हती. पाळक महिन्यातून एकदा यायचे, बाकीचे रविवार आमच्याच ओसरीवर उपासना व्हायची. आधी आमचे बाबा चालवायचे, त्यांच्या मागे दादा. बाबांची एक रीत होती. धानाच्या रोवणीच्या दिवसांत, सगळे चिखलातून थकून आलेले असताना, ते बायबलातल्या स्तोत्रांमधलं सगळ्यात मोठं, पावणेदोनशेच्या वर वचनांचं स्तोत्र अख्खं म्हणायचे, पुस्तक न उघडता. आम्ही पोरं बसल्या बसल्या डुलक्या घ्यायचो. दादा नाही घ्यायचा. त्यानं ते ऐकून ऐकूनच पाठ केलं. पुढे त्याच्या बांधीत रोवायला येणाऱ्या गोंडांच्या बायका त्याला म्हणायच्या, मनूभाऊ, म्हणा ना तुमचं ते लांबलचक. त्यांचा देव वेगळा, त्यातलं फारसं कळतही नसेल त्यांना, पण त्याच्या आवाजावर त्यांचे हात चालायचे. बांधीच्या कडेला धुऱ्यावर उभा राहून, पावसासाठी डोक्यावर पोत्याची घोंगशी घेऊन म्हणणारा दादा... मला विचाराल तर माझा भाऊ तोच. नंतरचा तो त्याची सावली होती.

टीव्ही त्यानं घेतला तो चांगल्याच हेतूनं, हे सांगायला हवं. नाताळात प्रभूच्या जीवनावरचा सिनेमा गावाला दाखवावा, म्हणून घेतला. मी त्या नाताळात होते तिथे. ओसरी भरली, अंगण भरलं, माणसं धानाच्या तणसाच्या ढिगावर चढून बसली. खिळे ठोकण्याचा प्रसंग आला तेव्हा शेजारचा म्हातारा लेकरासारखा रडला. दादाचा चेहरा असा फुलला होता की काय सांगू! ज्यांना बोलावून बोलावून तो थकला होता, ते लोक न बोलावता आले होते. पुढच्या रविवारीही आले. पण सिनेमा संपलेला होता, आणि त्यांना आता मालिका बघायची होती. दादानं त्यांना घालवून दिलं नाही. नेम केला, आधी एक स्तोत्र, मग टीव्ही. स्तोत्र संपेपर्यंत सगळ्यांनी मान खाली घालून बसायचं. लोक बसायचे. मला तेव्हा हे फार शहाणपणाचं वाटलं होतं.

त्यानंतर मी वर्षातून एखाद-दुसऱ्यांदाच जायचे, कधी मोहफुलं वेचायच्या दिवसांत, कधी धान निघाल्यावर. चंद्रपूर, मूल, गडचिरोली अशा गाड्या बदलत जायचं म्हणजे कंबर मोडायची. पण म्हणूनच असेल, रोज बघणाऱ्यांना जे दिसलं नाही ते मला दिसलं. एका खेपेला दादा वाचता वाचता घड्याळाकडे बघत होता. पुढच्या खेपेला मोठी स्तोत्रं बंद होऊन मधली आली होती, आणि तीही तो श्वास न घेता वाचत होता, एसटीचा कंडक्टर गावांची नावं घेतो तशी. मग वहिनी आतूनच सांगायला लागली, आज लहानसंच घ्या, मालिका सुरू होऊन राह्यली. आणि एका खेपेला बघते तर सगळ्यात लहान स्तोत्र आलेलं. दोन वचनांचं. ते सगळ्यांना पाठ झालं होतं, पोरं पाढ्यासारखं घडाघडा म्हणायची, आणि 'आमेन' म्हणताना कुणाचा तरी हात रिमोटवर असायचा.

मी चिडवायचं सोडलं नाही. म्हटलं, दादा, आता पुढच्या वेळी नुसतं आमेनच म्हण आणि मोकळा हो. तो मनापासून हसला. म्हणाला, "अगं रूथ, सोडून तं नाई देलं ना?"

खरंच सोडलं नव्हतं त्यानं. एक रविवार चुकवला नाही. त्यानं दारू घेतली नाही, कुणाचं बुडवलं नाही, पाळकांचा पाहुणचार कधी कमी केला नाही. हळूहळू गावात घरोघरी टीव्ही आले, मग प्रत्येक हातात मोबाईल, आणि ज्यांच्यासाठी म्हणून हे सगळं आखूड केलं ते शेजारी यायचे बंद झाले. ओसरीवर घरचेच उरले. तेव्हा तरी मोठं स्तोत्र परत यायला काय हरकत होती? नाही आलं. मालिकेतल्या कुठल्या सुनेनं कुठल्या सासूला काय म्हटलं, हे आता दादाच मला फोनवर सांगायचा. मला राग यायचा आणि हसूही यायचं. जाऊ दे, म्हातारपणी जीव रमतो, असं म्हणून मी फोन ठेवायचे.

छातीचं दुखणं वाढलं, नागपूरच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, तेव्हा मी जाऊन राहिले. ओसरीवरच त्याची खाट होती, समोर टीव्ही, आणि टीव्हीच्याच टेबलावर बाबांचं शास्त्र, त्यांचं जुनं बायबल. पहिल्याच दिवशी, दिवेलागणीला, तो म्हणाला की बाबांचं ते मोठं म्हणतो. उशीला टेकून बसला, डोळे मिटले, सुरू केलं... आणि थोडं पुढे जाऊन अडकला. पुन्हा सुरू केलं, तिथेच अडकला. मी म्हटलं, थांब, मी वाचते, तू ऐक. चष्मा लावून वाचायला लागले. दोन वचनं झाली आणि दादा स्पष्ट आवाजात "आमेन" म्हणाला, आणि त्याचा हात चादरीवर रिमोट शोधायला लागला.

मी वाचायचं थांबवलं. त्यानं डोळे उघडले, स्वतःच्या हाताकडे बघितलं. नंतर जे रडला ना माझा भाऊ... बाबा गेले तेव्हाही असा रडला नव्हता. "माहं मन दोन वचनाच्या पुढं जातच नाई गं," म्हणाला, "प्रभूपुढं उभा राहीन तं तिथीही असंच होईन का?"

मी त्याला सांगितलं की प्रभू मोजत बसत नाही. पाळकही येऊन तेच सांगून गेले, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. त्याचं समाधान झालं नाही. आम्ही रोज बसायचो. मी वाचायचे, तो दोन्ही हात मांडीखाली दाबून ऐकायचा. ऐकायचा कसला, धडपडायचा. तिसऱ्या-चौथ्या वचनाला डोळे भिरभिरायचे, छाती धपापायची. मग नोएल म्हणायचा, आत्या, काऊन त्रास देता त्याईले, आणि टीव्ही लावायचा. मला ते डबडं उचलून विहिरीत टाकावंसं वाटायचं. पण टीव्ही लागला की दादाचा श्वास खरंच खाली बसायचा, कपाळ सैल पडायचं. देवाच्या वचनानं जे होत नव्हतं ते मालिकेच्या गाण्यानं व्हायचं. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. ते विसरावं कसं, कुणी सांगेल का मला?

निघायच्या दिवशी त्यानं मला जवळ बोलावलं. "मले आता नाई जमत," म्हणाला. "माह्या मागं, या ओसरीवर, एकदा तरी ते पूरं वाच. मधात सोडू नको." मी हो म्हटलं. पाया पडले आणि गाडीत बसले. त्यानंतर आला तो नोएलचा फोन. शेवटच्या दिवशी बापाला बरं वाटावं म्हणून त्यानं टीव्ही लावून दिला होता, आणि कुठल्या क्षणी दादा गेला ते कुणालाच कळलं नाही. सगळे समोर बघत होते.

मागच्या आठवड्यात ओसरीवर स्मरणाची प्रार्थना झाली. पाळक आले होते, ते बोलून लवकर निघून गेले. टीव्हीवर वहिनीनं दुःखाचं म्हणून पांढरं कापड टाकलं होतं. मी बाबांचं शास्त्र मांडीवर घेऊन, मोठ्या स्तोत्राच्या पानात बोट घालून बसले होते. आधी घरचं होऊ दे, मग वाचते, असं मी वहिनीला सांगून ठेवलं होतं. घरच्यांनी सवयीनं ते दोन वचनांचं म्हटलं, सगळ्यांनी मिळून, न अडखळता. आमेन झालं. आणि दादाची नात उठली, टेबलाजवळ गेली, कापड बाजूला सारलं आणि टीव्ही लावला. तिनं काही वावगं केलं नव्हतं. तिला आमेननंतरचं एवढंच ठाऊक होतं.

कुणी ओरडलं नाही. वहिनी तेवढं म्हणाली, "आवाज लहान कर, बाई." सगळ्यांची तोंडं तिकडे वळली, शेजारणी पदरानं डोळे पुसत पुसत बघायला लागल्या. नोएलनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि त्यानंही मान वळवली. मी पानातलं बोट हळूच काढून घेतलं आणि शास्त्र मिटलं.