जड झालेली सायकल

घरोघरी जाऊन जखमांची मलमपट्टी करणाऱ्या नर्सबाईंना हल्ली सायकल फार जड जात होती. चढावर तर त्यांना धाप लागायची. "आई, आता पुरे करा, वय झालं तुमचं," असं सून म्हणायची, आणि बाईंनाही ते पटू लागलं होतं.

एका सुट्टीच्या दिवशी सायकल पुसताना त्यांनी पुढचं चाक उचलून सहज फिरवलं. ते जेमतेम एक फेरा मारून थांबलं.

"अगं, दुखणं माझं नाहीच, हिचं आहे!" त्या ओरडल्या.

वाकून पाहिलं, तर ब्रेकचं डावं रबर रिमला घासत होतं. चाक बरोबर मधोमध होतं. त्यांनी ब्रेकची तार सोडली. उजवी बाजू टुणकन मागे आली, पण डावी जागची हलेना. म्हणजे दोष तारेत नव्हता.

"दुकानात टाका ना," सून म्हणाली.

"बघू, आधी मी हिच्याशी भांडून तर घेते."

डाव्या बाजूचा बोल्ट हटून बसला होता. बाईंनी तेल सोडलं, चहा घेतला आणि पुन्हा पाना लावला. बोल्ट निघाला. ब्रेकची ती बाजू जिच्यावर फिरते, ती आतली खुंटी गंजून लाल झाली होती. ती घासून लख्ख केली, ग्रीस लावलं, स्प्रिंगचं टोक भोकात बसवलं आणि सगळं जोडलं. ब्रेक दाबून सोडला, तशा दोन्ही बाजू एकदम मागे सरल्या.

हातही न धुता त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. "टेकडीपलीकडचे ते दोन पेशंट मी नको म्हटलं होतं ना? उद्यापासून जाते."