ट्रकचा क्लच आणि अण्णांचे रविवार

स्कूटीचे ब्रेक बघून घ्यायला मी महापेच्या एका गॅरेजमध्ये गेले होते. तिथे मागच्या भिंतीला लागून तो जुना लष्करी ट्रक उभा होता. हिरव्या रंगाचे पापुद्रे सुटलेले, ताडपत्री कधीच गेलेली, पण चाकं अजून दमदार. गॅरेजवाला खाडीकाठच्या सारसोळे गावचा. त्याच्या भावांच्या होड्या दरवर्षी रंगवायला खाडीतून वर ओढाव्या लागतात, त्यासाठी चिखलात न रुतणारी गाडी हवी म्हणून त्याने हा लिलावातला ट्रक मिळवला होता. इंजिन त्याने सुरू केलं होतं. पण क्लच दाबला तरी गिअर पडत नव्हता, नुसता कर्रकर्र आवाज यायचा. या गाडीचा गिअर बॉक्स माहीत असलेलं कोणी मिळत नाही, असं तो म्हणाला.

"माझे वडील फौजेत हेच काम करायचे," मी बोलून गेले, आणि लगेच वाटलं, उगाच बोलले.

अण्णांना वर्षापूर्वी अर्धांगवायूचा झटका आला होता. चालणं-बोलणं सुधारलं, पण उजव्या हाताची पकड गेली ती गेलीच. आमच्या नेरूळच्या फ्लॅटच्या गॅलरीत ते दिवसभर बसून असायचे. विचारलं तेवढंच उत्तर द्यायचे. त्या संध्याकाळी चहा पिताना मी ट्रकचा विषय काढला, तर त्यांनी कप खाली ठेवला.

"मोठ्या गिअरच्या शेजारी दुसरा छोटा दांडा हाय का?"

मला आठवत नव्हतं. कित्येक महिन्यांत त्यांनी आपणहून विचारलेला तो पहिला प्रश्न होता.

रविवारी त्यांना घेऊन गेले. गॅरेज बंद होतं, आम्ही तिघंच. छोटा दांडा होता, पुढची चाकंही फिरवणारा. अण्णांनी मला क्लच दाबायला लावला, गॅरेजवाल्याला गिअर टाकायला सांगितलं आणि स्वतः डोळे मिटून ऐकत राहिले. मग म्हणाले, उभं राहून राहून गंज धरलाय, क्लचची प्लेट इंजिनाच्या चाकाला, फ्लायव्हीलला, चिकटलीय; म्हणून क्लच दाबला तरी सुटत नाही. गिअर बॉक्स उतरवावा लागेल. हे सांगता सांगता सवयीने त्यांनी उजव्या हातात पाना उचलला. तो खाली पडला. फरशीवर त्याचा आवाज बराच वेळ घुमल्यासारखा वाटला.

गॅरेजवाल्याने पाना उचलला नाही, की अण्णांकडे बघितलंही नाही. "काका, तुमी नुसतं सांगा. हात लावायला आमी हाय ना," तो म्हणाला.

त्या 'आमी'मध्ये मी कशी धरली गेले, कळलं नाही. बेलापूरच्या ऑफिसात फायली सरकवणारी बाई मी. पण ओढणी कमरेला घट्ट बांधली, जमिनीवर पोतं पसरलं आणि ट्रकखाली शिरले. पुढचे चार-पाच रविवार माझे तिथेच गेले. अण्णा चाकापाशी स्टूल टाकून बसायचे आणि कुठला नट आधी, कुठला नंतर, ते सांगायचे. सोमवारी ऑफिसात माझ्या काळ्या नखांकडे सगळे बघायचे.

साखळीच्या पुलीवर तोलून गिअर बॉक्स उतरवला. प्लेट खरंच चिकटलेली होती. गॅरेजवाला हातोडा घेऊन आला, पण अण्णांनी अडवलं. फटीत डिझेल सोडून तासभर थांबायला लावलं आणि मग पातळ पत्र्याने कडेकडेने उचकटायला सांगितलं. ती सुटली तेव्हा त्यांनी मान हलवली, इतकंच. गिअर बॉक्सच्या आत गिअर सरकवणारा एक चिमटा झिजला होता. तो वेल्डिंगने भरून घेतला, मी कानशीने घासला. घासून झालं की दर वेळी अण्णा डाव्या हाताचं बोट त्यावरून फिरवायचे आणि "अजून" म्हणायचे. मी किती वेळा घासला, मोजलं नाही.

नवी प्लेट मी बसवली. गिअर बॉक्स वर चढवला, तर तो दोन बोटं अलीकडेच अडला. पुढे जाईना. गॅरेजवाल्याचं म्हणणं, बोल्ट आवळले की आपोआप ओढला जाईल. अण्णा ठाम नाही म्हणाले. तसं केलं तर बॉक्सचा बोल्ट बसतो तो कान तुटतो, आणि मग कुणाला काही करता येत नाही. त्यांनी मला एवढंच विचारलं, प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे आवळलेस की एका बाजूने ओळीत? मी ओळीत आवळले होते. प्लेट मधोमध राहिली नव्हती. अख्खा दिवस वाया गेला होता आणि चूक माझी होती. मला रडूच आलं.

अण्णांनी स्टूल माझ्याजवळ ओढलं. "मी पैल्यांदा बसवला तवा उस्तादानं तीनदा खोलायला लावला होता," ते म्हणाले. "तुझं एकदाच चुकलंय. उतरव."

मी परत उतरवला. पुढच्या रविवारी प्लेटचे समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळत गेले, आणि गिअर बॉक्स अलगद आत गेला.

ट्रक बाहेर काढला तेव्हा चालवायला गॅरेजवाला, मधे मी, खिडकीशी अण्णा. या गाडीत गिअर बदलताना क्लच दोनदा दाबावा लागतो, हे आम्हाला कुठे माहीत होतं! अण्णा समोर रस्त्याकडे बघत सांगत होते: दाब, न्यूट्रल, सोड, परत दाब, आता टाक. दुसरा पडला. तिसरा पडला, आवाज न करता. गॅरेजवाला हसत होता. मी अण्णांकडे बघितलं, तर ते गाडीच्या आवाजात हरवले होते.

त्या मोसमात ट्रकने तीन होड्या ओढल्या. अण्णांचा हात अजून तसाच आहे, थोडाफार फरक, फार नाही. पण गॅरेजवाल्याने त्यांना आठवड्यातून दोन दिवस यायला सांगितलंय. कुणाचा ट्रॅक्टर येतो, कुणाचा जुना टेम्पो, आणि अण्णा स्टुलावर बसून ऐकतात आणि सांगतात.

गेल्या गुरुवारी ते पहिल्यांदाच एकटे बसने गॅरेजला निघाले. मी चपला घालून थांब्यापर्यंत सोडायला निघाले, तर दारातूनच म्हणाले, "तू ऑफिसला जा. तुला उशीर होईल."

मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. बस आली, अण्णांनी डाव्या हाताने दांडा धरला आणि ते चढून आत गेले.