तेवढ्याच टायपात

सांगलीच्या वर्तमानपत्रांकडे हळदीच्या भावाला रोज जागा असे, गुळाला असे. जत्रेतल्या कुस्त्यांचा निकाल तर पैलवानाच्या वस्तादाच्या नावासकट येई. पण इंग्लंडातल्या फुटबॉलचा निकाल आठवड्यातून एकदा दोन ओळींत छापा म्हटलं, की संपादक चष्म्यावरून बघत.

"वाचणार कोण?"

"मी वाचणार. आणि सुभेदार."

"मग दोघांसाठी पेपर काढू का?"

काढा की! सत्कारांचे फोटो तरी किती जण बघतात? असं मी तोंडावर म्हणायचो. विशी नुकतीच ओलांडली होती, आणीबाणी उठून वर्ष झालं होतं आणि दिसेल त्या अन्यायावर पत्रक काढायची सवय हाताला लागली होती. वसतिगृहाच्या खानावळीवर पत्रक, एसटीच्या सवलतीवर पत्रक. एकदा एका पेपरनं आमच्या विद्यार्थ्यांच्या मोर्च्याची बातमी चुकीची छापली, तेव्हा वीस पोरं घेऊन मी त्यांच्या कचेरीत ठाण मांडलं होतं. मागणी एकच: चूक जेवढ्या टायपात, दुरुस्ती तेवढ्याच टायपात. त्यांना ती छापावी लागली. ते कात्रण मी खिशात घेऊन हिंडायचो.

सुभेदार आमच्या वाईकडच्या गावचे. महायुद्धात इटलीत पायाला गोळी लागून ते लष्करी इस्पितळात पडले होते. शेजारच्या खाटेवरचा इंग्रज शिपाई दिवसभर आपल्या गावच्या फुटबॉल संघाबद्दल बोलायचा. निम्मं कळायचं, निम्मं हातवाऱ्यांनी. बरा होऊन तो गेला, पण जाताना आपला संघ यांच्या गळ्यात बांधून गेला. सुभेदारांनी तो तीस वर्षं सांभाळला आणि मी अकरावीत असताना माझ्या गळ्यात बांधला. संघाचं नाव लिहीत नाही. तेव्हाही सांगितलं की लोक विचारायचे, "हे औषध कशावर घेत्यात?"

आम्ही दोघांनी त्या संघाला कधी पाहिलं नव्हतं. लाल सदरे घालतात, एवढी माहिती. मैदान म्हणून माझ्या डोळ्यांपुढे गावच्या शाळेचं मैदान यायचं, कडेच्या बाभळींसकट. एकदा क्लबला पत्र लिहिलं. तीन महिन्यांनी वर्षभराच्या सामन्यांचं छापील वेळापत्रक आलं. त्यातले निम्मे सामने होऊन गेले होते. तरी तो कागद आम्ही घडी मोडेपर्यंत वाचला. शनिवारी संध्याकाळी शॉर्टवेव्हवर लंडन लावायचं, कान रेडिओला चिकटवायचा. आवाज जवळ यायचा, लांब जायचा, आणि ऐन आमच्या संघाचं नाव आलं की खरखर. कधी एखादा गोल स्वच्छ ऐकू आला, तर सुभेदार उठून कडक सॅल्यूट ठोकायचे.

त्या वर्षी संघ तळाला गेला. तळाचे तीन संघ खालच्या वर्गात ढकलतात. शेवटचा सामना जिंकला तरच वाचणार होता. आणि नेमक्या त्याच आठवड्यात मिरजेला सुभेदारांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, मान हलवायची नाही, वॉर्डात रेडिओ चालत नाही. त्यांनी आपला रेडिओ माझ्या हवाली केला.

"ड्युटी तुजी. निकाल घ्यायचा आन रविवारी सकाळी हितं येऊन रिपोर्ट करायचा. सांगोवांगी न्हाई, पक्का."

"आवं काका, पक्का म्हणजे छापूनच आणतो."

इथे आमच्या धंद्यातली एक रीत सांगायला हवी. मोर्च्याला 'प्रचंड प्रतिसाद' मिळाल्याचं पत्रक आम्ही आदल्या दिवशीच जुळवून ठेवायचो. मोर्चा झाला की लगेच छापायचं आणि गर्दी पांगायच्या आत वाटायचं. त्याच रीतीनं शुक्रवारी मी सांगलीच्या खणभागातल्या छापखान्यात मजकूर दिला. वर ठळक टायपात 'संघ वाचला!' आणि खाली सवाल: 'सांगली-मिरजेतल्या वर्तमानपत्रांनो, ही बातमी तुम्ही का दिली नाही?' आकडे तेवढे कोरे ठेवले. हरण्याचा मजकूर मी लिहिलाच नव्हता.

शनिवारी साताऱ्यात सभा होती. परतीची एसटी कराडला तासभर अडकली. खोलीवर पोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. माझ्या हिशेबानं सामना संपत आला होता. रेडिओ लावला. खरखर. मग आमच्या संघाचं नाव, दोन. समोरच्यांचं नाव, एक. मग कुठलं तरी अरबी गाणं, आणि लंडन गेलं ते गेलंच.

शंका आली नव्हती असं नाही. पण छापखान्यात कंपोझिटर थांबला होता, मजकूर जुळवलेला होता, आणि दोन-एक हा आकडा त्या कोऱ्या जागेत चपखल बसत होता. मी सायकल हाणली.

रविवारी सकाळी वॉर्डात सुभेदारांच्या उशाशी उभा राहून मी पत्रक खणखणीत आवाजात वाचलं. अंथरुणातल्या अंथरुणात त्यांनी सॅल्यूट ठोकला. मी अख्ख्या वॉर्डाला पेढे वाटले. पलीकडच्या खाटेवरचा तासगावकडचा शेतकरी म्हणाला, "लय झाक. कुनाचा मानूस निवडून आला?" उरलेली पत्रकं मिरज स्टेशनावर आणि सांगलीच्या बाजारात चिकटवली.

सोमवारी मुंबईचा इंग्रजी पेपर मिरज स्टेशनावर आला. स्टॉलवाल्याची नजर चुकवून मागचं पान उघडलं. गर्दीमुळे सामना अर्धा तास उशिरा सुरू झाला होता. मी ऐकलं तेव्हा खेळ चालू होता. शेवटी दोन-दोन. संघ खालच्या वर्गात.

"वाचायचं तर घे, न्हायतर ठिव," स्टॉलवाला ओरडला. त्याच्या मागच्या खांबावर माझंच पत्रक होतं.

दवाखाना तिथून चालत दहा मिनिटांवर. मी सांगलीला परत गेलो. मंगळवारी मिरजेत उतरलो, फाटकापर्यंत गेलो, चहा प्यालो आणि परतलो. स्वतःला समजावत होतो: पेशंटला धक्का बसेल, पट्टी निघू दे. सगळं खोटं. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याच्यावर पत्रक काढलं असतं. खिशातलं ते कात्रण टोचायला लागलं होतं. बुधवारी संध्याकाळी गेलो आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं.

आधी शेजारचा शेतकरीच बोलला.

"दोन-दोन म्हंजी बरोबरी. बरोबरीत कुनी बुडतंय व्हय?"

"बुडतंय," सुभेदार म्हणाले. मग मान न हलवता मला, "हरला त्याचं काय न्हाई रं. तीस वर्सात लय येळा हरलाय. पर कुस्ती चालू असताना तू जितल्याची हलगी वाजवलीस. आन चार दिस मला तशीच ऐकू दिलीस."

मी म्हणालो, "चुकलं, काका."

"मला सांगून काय उपेग? पेढं मी एकट्यानं न्हाई खाल्लं."

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीचं पत्रक काढलं. 'संघ वाचला नाही. पत्रकातला आकडा सामना चालू असतानाचा होता. चूक आमची.' शुक्रवारी त्यांची पट्टी निघाली. काळा चष्मा लावून ते खाटेवर बसले होते. मी नवं पत्रक हातात दिलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, मग उशाखालून जुनं काढलं आणि दोन्ही मांडीवर शेजारी शेजारी ठेवली. अक्षरांवर बोट टेकवून मापलं.

"ह्यो टाइप बारीक हाय."

"मोठा टाइप दुसऱ्या कामात गुंतला होता, काका."

"त्या पेपरवाल्यानं तुला हेच सांगितलं आस्तं तर?"

शेतकरी खो खो हसला. मला तोंड कुठे लपवावं कळेना. मी ती दोन्ही पत्रकं घेऊन तडक खणभाग गाठला. कंपोझिटर म्हणाला, "आता दुरुस्तीची दुरुस्ती व्हय?" मी म्हटलं, "ठळक टाइप काढ. तोच, पहिला."

संध्याकाळी मिरज स्टेशनावर त्याच खांबाला, जुन्या पत्रकावरच मी नवं चिकटवत होतो. स्टॉलवाला जवळ येऊन पूर्ण वाचून गेला, फुकट. मग म्हणाला, "गड्या, म्हंजी आता खालच्या वर्गात. म्होरल्या साली वर येतील का?"

तोंडात 'नक्की' आलं होतं. गिळलं.

"कळल्यावर छापतो," मी म्हणालो.