ब्लॉगवरचे मोदक

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगते. जाऊ दे, हसालच तुम्ही!

मी अंबरनाथच्या एका शाळेत नववीला मराठी शिकवते. यंदा काय अंगात आलं कोण जाणे, वर्गाचा ब्लॉगच काढला! म्हटलं, पोरं नाहीतरी मोबाइलवर पडीक असतात, तिथेच मराठी लिहू देत. पालकांनाही लिंक पाठवली. उत्साह नुसता उतू चाललेला!

पहिला विषय जाहिरातलेखन. पोरं ढिम्म. मग नमुना म्हणून मीच एक जाहिरात टाकली. गणपती तोंडावर आलेले, म्हणून लिहिलं, ‘घरगुती उकडीचे मोदक! कळीदार, लुसलुशीत, तुपाच्या धारेसकट! बदलापूर ते उल्हासनगर घरपोच!’

आता, खाली संपर्क नसला की मी मुलांचे मार्क कापते. मग स्वतः कशी सोडणार? दिला ठोकून माझाच नंबर!

आणि मोदक? अहो, आमच्याकडे मोदक दुकानातून येतात!

त्याच संध्याकाळी फोन. “हॅलो, मोदकवाली मॅडम?”

आमच्या वर्गातली सानिका बायकांचे आवाज हुबेहूब काढते. मी मनात म्हटलं, बरी सापडलीस!

“गणपती के लिए इक्कीस मोदक मिलेंगे?”

“एकवीस कशाला? एक्कावन्न घ्या की!”

“सच्ची? गरम होंगे ना?”

“हाताला चटका बसेल, चटका!”

दुसऱ्या दिवशी वर्गात मी ऐटीत म्हटलं, “सानिका, काल काय आवाज काढलास गं!”

“मी? मॅडम, मी तर वांगणीला मामाकडे होते. फोन घरीच राहिलेला.”

तेवढ्यात मागून एक जण ओरडला, “मॅडम, ब्लॉगवर कमेंट आलीये! ‘एक्कावन्न मोदक बुक. थँक्यू मॅडम. उल्हासनगर, कॅम्प चार.’”

अख्खा वर्ग बाकांवर लोळायला लागला. माझ्या पायाखालची फरशी सरकली! कुणा पालकानं जाहिरात खरी समजून सगळीकडे फॉरवर्ड केली होती.

मी धावत बाहेर जाऊन कालच्या नंबरावरच्या त्या भाभींना फोन लावला. “भाभी, वो मोदक का जरा...”

“अरे मॅडम, मैंने तो पूरी बिल्डिंग को बोल दिया! टीचर के हाथ के मोदक आ रहे हैं!”

आता सांगा, कुठल्या तोंडानं नाही म्हणणार?

चतुर्थीला पहाटेपासून उकड मळतेय. एक मोदक वळला की दोन फुटतात! कळ्या पाडायला गेले, तर सारणच बाहेर डोकावायला लागलं. नवरा स्वयंपाकघरात आला, बघितलं, म्हणाला, “मोमो करतेयस?”

दुकानं गाठली, तर तिथले मोदक केव्हाच संपलेले. शेवटी त्याच फुटक्या मोदकांचा डबा घेऊन रिक्षानं कॅम्प चार गाठलं. आरती नुकतीच झालेली. सगळी बिल्डिंग जमलेली. भाभींनी कौतुकानं झाकण उघडलं.

भाभींच्या सासूबाईंनी वाकून पाहिलं. “रस्ते में टूट गए क्या?”

“हां ना!” मी झडप घातली, “खड्डे कितने हैं, अम्मा!”

भाभींनी एक तुकडा तोंडात टाकला. बराच वेळ चावला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, “मॅडम, आप लिखती बहुत अच्छा हो. बस, लिखा ही करो!”