नकाशावरची मोकळी जागा

मिशिगनमधल्या ट्रॉयला राहायला आल्यापासून लोक माझी ओळख एकाच वाक्यात करून देतात: हा आपल्यातलाच, पण आर्मीत होता. मग कुणीतरी "थँक यू फॉर युअर सर्व्हिस" म्हणतं, मी मान हलवतो आणि गप्पा शाळांच्या रेटिंगकडे वळतात. मला ते सोयीचं होतं. गेल्या उन्हाळ्यात बाबा नागपूरहून तीन महिन्यांसाठी आले आणि ती सोय संपली.

बाबांची सगळी नोकरी दारूगोळ्याच्या सरकारी कारखान्यात गेली. मुलगा अमेरिकेच्या सैन्यात होता, याचं त्यांना माझ्या डिग्रीपेक्षा जास्त कौतुक. पार्कातल्या बाकावर, इंडियन ग्रोसरीच्या रांगेत, जो मराठी माणूस भेटेल त्याला ते हे सांगत. त्यातूनच एका रविवारी दुपारी आम्हाला जेवणाचं आमंत्रण आलं. बोलावणारे काका पुण्याचे, गाड्यांच्या कंपनीतून रिटायर झालेले, अर्धं आयुष्य मिशिगनमध्ये काढलेले. चार-पाच कुटुंबं जमली होती.

जेवणं झाल्यावर काकांनी मला मधल्या खुर्चीत बसवलं.

"इथे सगळे टीव्ही बघून मतं देतात," ते म्हणाले. "तू तिकडे राहून आलायस. परदेशातले आपले अमेरिकन लष्करी बेस ठेवावेत की बंद करावेत, ते तू सांग."

बाबा सोफ्यावर पुढे सरकून बसले.

"बंद करावेत," मी म्हणालो.

काका हसले. मी गंमत करतोय असं त्यांना वाटलं. "अरे, आणि उद्या चीन आला तर?"

"येईलही. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, काका. मी तिथे काय केलं, तेवढं सांगू शकतो."

आणि मी सांगितलं. तोवर ते बायकोलाही धड सांगितलं नव्हतं.

मी इथे सिव्हिलमध्ये एमएस करत होतो. त्या वर्षांत काही ठरावीक भाषा येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांना सैन्यात घेत आणि लगेच नागरिकत्व देत. व्हिसाच्या रांगेत अर्धं आयुष्य काढण्यापेक्षा हे बरं, असा मी सरळ हिशोब केला. हिंदी आणि उर्दू येतात म्हणून त्यांनी मला घेतलं, आणि पाठवलं जपानच्या दक्षिणेकडच्या एका बेटावर, जिथे उर्दूचा एक शब्द कुणाला कळत नव्हता. तिथे मला बेसच्या बांधकाम विभागात नकाशांवर बसवलं.

बेस म्हणजे कुंपणाच्या आत उचलून आणून ठेवलेलं एक अमेरिकन उपनगर. बोलिंग, बर्गर, गोल्फचं मैदान, कापलेलं गवत. कुंपणाबाहेर घरं एकमेकांना चिकटलेली, रस्ते इतके अरुंद की दोन गाड्या समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागे. आमची माणसं वाईट नव्हती. आम्ही शेजारच्या शाळेत खेळणी वाटायचो, समुद्रकिनारा साफ करायचो. त्यामुळे आपण पाहुणे आहोत असं मलाही वाटायला लागलं होतं.

गोल्फच्या मैदानामागे एका टेकाडाच्या पोटात दगडी थडगं होतं. बेस व्हायच्या आधीपासूनचं, एका कुटुंबाचं. त्या कुटुंबाला वर्षातून एकदा, वसंतात, पास मिळायचा. त्यांच्यासोबत गणवेशातला माणूस असावा लागे. पहिल्या वर्षी ते काम माझ्याकडे आलं.

ऐंशीच्या पुढची एक आजी आणि तिचा पन्नाशीतला पुतण्या, असे दोघंच आले. पुतण्याला इंग्रजी येत होतं. आजीने थडग्यावरचं गवत उपटलं, दगड पुसले, आणि थडग्यासमोरच्या फरसबंद अंगणात चादर अंथरून डबे उघडले. मेलेल्यांसोबत बसून जेवायची त्यांच्याकडे रीत आहे. मी बाजूला उभा होतो. तिने मला हाताने खूण करून बसवलं आणि भाताचा एक लाडूसारखा गोळा हातावर ठेवला. मग बोलिंगच्या पार्किंगकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाली.

"तिथे हिच्या घरची रताळ्याची शेतं होती," पुतण्या म्हणाला. "मावशी, आत्या, सगळ्यांची घरंही तिथेच."

मग तिने मला विचारलं, मी कुठला. इंडिया म्हटल्यावर तिने माझा चेहरा, मग गणवेश न्याहाळला आणि पुन्हा काहीतरी विचारलं.

"ती विचारतेय, मग तुम्हाला इथे कुणी पाठवलं," पुतण्याने सांगितलं. तो ओशाळला होता. मी हसून वेळ मारून नेली. जाताना त्याने मला स्वतःचा फोन नंबर दिला. काही असलं तर कळवा, म्हणाला.

त्याच वर्षी पावसाळ्यानंतर एका नव्या गोदामासाठी सांडपाण्याची लाइन टाकायची ठरली. तिचा नकाशा मी काढला. सर्वांत जवळचा मार्ग त्या टेकाडाजवळून जात होता. थडग्याला हात लावायची परवानगी नव्हती, आणि आम्ही लावलाही नाही. लाइन गेली ती समोरच्या अंगणातून. फॉर्मवर एक रकाना होता, जागेचा सध्याचा वापर. मी लिहिलं, "मोकळी जागा." पुढचा रकाना हरकतींचा. नियमाप्रमाणे कुटुंबाला पत्र गेलं होतं, आणि ते जुन्या यादीतल्या पत्त्यावर गेलं होतं, आजीच्या मेलेल्या थोरल्या भावाच्या नावाने. तो गेल्याचं मला पुतण्याने सांगितलं होतं. मुदत संपली. मी लिहिलं, "हरकत आलेली नाही."

पुतण्याला एक फोन केला असता तर काम दोन-तीन महिने रखडलं असतं. माझ्या सार्जंटने ते मनात ठेवलं असतं. माझ्या प्रमोशनचा कागद त्याच्या टेबलावर होता.

पुढच्या वसंतात ती दोघं आली. मी त्यांना गेटवर घेतलं आणि गाडीत बसवलं, तेव्हाही काही बोललो नाही. थडगं जागेवर होतं. अंगणाच्या जागी खडीचा रस्ता, काँक्रीटची दोन झाकणं, आणि थडग्याच्या तोंडाशी नवी जाळी. जाळीला एक छोटं दार ठेवलं होतं. ते दारही मीच नकाशात दाखवलं होतं.

अंगण जिथे होतं तिथे, खडीवरच आजीने चादर अंथरली आणि डबे मांडायला घेतले. तेवढ्यात गोदामाकडे जाणारा ट्रक येऊन थांबला. ड्रायव्हर पोरगेलासा, सभ्य होता. त्याने हॉर्न वाजवला नाही, फक्त वाट बघत राहिला. रेडिओवर सार्जंटने मला रस्ता मोकळा करायला सांगितलं.

मी पुतण्याला म्हणालो, "त्यांना जरा बाजूला घ्याल का?"

आजी उठली. डबे बंद केले, चादर झटकली, घडी घातली. मग माझ्याकडे बघून शांतपणे दोन-तीन वाक्यं बोलली.

"काय म्हणाल्या त्या?"

"ते इंग्रजीत सांगण्यासारखं नाही," पुतण्या म्हणाला.

त्या दिवशी ते जेवले नाहीत. मी त्यांना गेटपर्यंत सोडलं आणि पास परत घेतले, कारण पास परत घ्यावे लागत.

एवढं बोलून मी थांबलो. काकांच्या घरात कुणीतरी चहाचे कप गोळा करायला उठलं.

"वाईट वाटतं ऐकून," काका म्हणाले. "पण बेटा, एका अंगणासाठी देश आपली स्ट्रॅटेजी बदलत नाही ना."

"नाही बदलत," मी म्हणालो. "तिथे अंगण होतं, हे कागदावर नाकारायला आणि मग त्या माणसांना तिथून उठवायला एक माणूस लागतो. तो मी होतो. तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं."

परतताना गाडीत बाबांनी विषय काढला.

"मग तू काय केलंस?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. उरलेली मुदत भरली. प्रमोशन मिळालं, तेही घेतलं. मग बाहेर पडलो."

"मी आयुष्यभर तोफगोळे तपासून पास केले," ते म्हणाले. "कुठे जाऊन पडले, एकदाही विचारलं नाही. नोकरी तशीच करायची असते."

"मीही तशीच केली, बाबा."

"केलीस ना? मग आता चारचौघांत कशाला बोलायचं?"

मी गाडी आमच्या गल्लीत वळवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघालो होतो. बेसमेंटच्या जिन्यावर बाबांचा आवाज ऐकू आला. ते काकांशी फोनवर बोलत होते.

"मनावर घेऊ नका," ते म्हणत होते. "तिकडून आल्यापासून तो जरा असाच बोलतो. डॉक्टरला दाखवायचं म्हणतोय."

मी कुठल्याही डॉक्टरला दाखवायचं म्हणत नव्हतो. मी बूट घातले आणि दार आवाज न करता ओढून घेतलं. बाबा सप्टेंबरात परत गेले. काकांकडून दिवाळीचं आमंत्रण आलं ते बायकोच्या फोनवर, आणि तिने मला न विचारताच, आम्ही बाहेरगावी असू, असं कळवून टाकलं.